तीन जास्तीचे तुकडे

पॅसेंजर बदनापूरला थांबते दोन मिनिटं, आणि उषाबाईंना डब्यातून उतरायला लागतात तीन. गुडघ्यांनी साठीलाच हात टेकले होते. आता अडुसष्टाव्या वर्षी ते केवळ शेजारधर्म म्हणून बरोबर येत. शेवटी एका कॉलेजातल्या मुलीनं पिशवी धरली, एका गृहस्थांनी दंड धरला, आणि गाडी हलली तेव्हा उषाबाई कशाबशा फलाटावर उभ्या होत्या.

उतरल्या खऱ्या, पण पाय पुढं पडेना. पिशवीत पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर, बाकी काही नाही. आजवर ज्या ज्या घरी त्या गेल्या होत्या, तिथं काहीतरी निमित्त घेऊन गेल्या होत्या. आज निमित्त नव्हतं. आज खरं बोलायचं होतं, आणि खऱ्याला पिशवी लागत नाही.

उषाबाई राहतात जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानांच्या मागच्या बोळात. जन्मभर एका दवाखान्यात आया म्हणून राबल्या, नवरा लवकर गेला, मूल झालं नाही. त्याच बोळाच्या टोकाला पत्र्याच्या छपराचं त्यांचं प्रार्थनामंदिर. मंडळी मोठी नाही, पाळकांना सोडून त्रेचाळीस माणसं. बाहेर दिवसभर पोत्यांचे टेम्पो मागं-पुढं होत असतात, त्यामुळे पाळकांनी प्रार्थना संपवली की ‘आमेन’च्या आधी बरेचदा हॉर्नच वाजतो. सगळ्यांना त्याची सवय आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याची तयारी तीस वर्षं उषाबाईंकडे. शनिवारी संध्याकाळी मनुका भिजत घालायच्या, रविवारी पहाटे त्या कुस्करून, फडक्यातून गाळून रस काढायचा. बेकरीतून आणलेल्या पावाच्या कडा काढायच्या आणि आतल्या भागाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, माणशी एक. थाळीत मांडून वर पांढरं फडकं घालायचं. पाळकांनी एकदा आशीर्वाद मागितला की मग त्या थाळीत भर घालायची नाही, आणि उरलेलं टाकायचं नाही. सगळ्यांच्या मागून उषाबाईंनी ते खाऊन संपवायचं. अशी रीत.

पण मंडळीत त्यांचं नाव होतं ते वेगळ्याच कामासाठी. चर्च सुटलेली, देवावर रुसलेली माणसं उषाबाई परत आणत. कशा आणत, हे मात्र कोणाला फारसं ठाऊक नव्हतं, कारण त्या कोणालाही ‘चर्चला चल’ असं म्हणत नसत. कडूबा हा पंप दुरुस्त करणारा. बाप वारल्यावर दारूला लागला आणि देव-बिव सगळं झूट म्हणत हिंडू लागला. उषाबाईंनी त्याला निरोप धाडला की चर्चच्या बोअरचा पंप बंद पडलाय. कडूबा आला, त्यानं झाकण उघडलं, वायर नुसती उपटून ठेवलेली पाहिली आणि एकवार उषाबाईंकडे पाहिलं. पुढच्या शनिवारी पंप पुन्हा बंद. चौथ्या खेपेला तो म्हणाला, “मावशी, वायर नका तोडू, शॉक बसून मरताल. मी आपला रविवारी येऊनच बसत जातो.” तेव्हापासून तो येतो, आणि दारूही बरीच आटोक्यात आहे.

गिरिजाबाईंची गोष्ट याहून सोपी. नवरा तडकाफडकी गेला, तेव्हा देवानं ऐकलं नाही म्हणून त्यांनी प्रार्थना बंद केली. उषाबाई चार महिने रोज त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायच्या आणि मेथी निवडायच्या. देवाचं नाव काढलं नाही. पाचव्या महिन्यात गिरिजाबाईंनीच विचारलं, परवाच्या रविवारी कुठलं गाणं म्हटलं? असं करत करत एकोणीस माणसं परत आली. कमिटीला वाटलं, बाईंचा सत्कार करावा. फेब्रुवारीचा पहिला रविवार ठरला आणि शालही आणली.

ते ऐकल्यापासून उषाबाईंना झोप लागेना. पाळक सोमेश्वर दोनच वर्षांपूर्वी आलेले, तरुण, मनमिळाऊ माणूस. त्यांच्यापुढं जाऊन त्या म्हणाल्या की सत्कार नको, माझ्या हातून एक घर राहून गेलंय. पाळकांनी धीर दिला, प्रार्थना करत राहा म्हणाले.

“पाळकसाहेब,” उषाबाई म्हणाल्या, “प्रार्थना मी अकरा वर्सं करून राह्यले. आता तिकीट काढते.”

राहिलेलं घर भुजंगचं. अकरा वर्षांमागं भुजंग त्यांच्याच बोळात राहायचा. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात तो रोजंदारीला लागला आणि पेरणीच्या दिवसांत त्याला रविवारही मिळेना. दोन महिने ते घर चर्चला फिरकलं नाही. त्याच सुमारास कमिटीत कोणीतरी तावातावानं म्हणालं होतं की जे येत नाहीत त्यांची नावं कापा. ठराव वगैरे काही झाला नाही. चहा झाला आणि मंडळी उठली. पण चहा देता देता उषाबाईंनी ते ऐकलं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी पाव कापताना त्यांनी भुजंगच्या घरचे तीन तुकडे धरले नाहीत. त्याचा, बायकोचा आणि आईचा. आणि नेमकी त्याच रविवारी ती माणसं आली. बस चुकल्यामुळं उशिरा, अंगावर घडीचे कपडे, सात वर्षांच्या मुलीच्या केसांत नवी रिबन. शेवटच्या रांगेत वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून तिघांनी ओंजळी पुढं केल्या, आणि पाळकांच्या हातातली थाळी रिकामी होती.

तेव्हाचे पाळक म्हातारे होते, गडबडून गेले. काय करावं ते न सुचून त्यांनी तिघांच्या डोक्यावर एकेकदा हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि पुढं सरकले. दुसऱ्या कोणाला त्यात काही वाटलं नसतं. पण या मंडळीत डोक्यावर हात ठेवतात तो लहान मुलांच्या, नाहीतर ज्यांना प्रभुभोजन द्यायचं नाही असं ठरलेलं असतं त्यांच्या. भुजंगनं रिकामी ओंजळ मिटली, आईला उठवलं आणि सगळ्यांच्या देखत दारातून निघून गेला. महिन्याभरात त्यानं बिऱ्हाड बदनापूरला हलवलं. कमिटी म्हणाली, रुसला. लोक म्हणाले, कमिटीनं नाव कापलं. म्हाताऱ्या पाळकांची तर बदलीच झाली. खरं काय ते एकट्या उषाबाईंना माहीत होतं, आणि त्या गप्प बसल्या. आठ दिवसांनी सांगू म्हणता महिना गेला, महिन्यानंतर सांगायला वर्षाची लाज आडवी आली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीत काय होतं ते त्यांना रोज टोचत होतं.

तेव्हापासून दर महिन्याला त्या तीन तुकडे जास्त कापत. तिघं येत नसत. उपासना सुटल्यावर मागच्या खोलीत उभ्यानंच उषाबाई ते तीन तुकडे खात. तेवढे तीन घास त्यांच्या घशातून कधी सरळ उतरले नाहीत.

विचारत विचारत त्या पोचल्या तेव्हा भुजंग अंगणात पोत्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. केंद्राच्या कुंपणाला लागूनच त्याचं घर. दुसरा शनिवार, सुट्टी. कानशिलांवरचे केस पिकले होते. त्यानं वर पाहिलं, ओळखलं आणि हात जोडले.

“नमस्कार,” तो म्हणाला.

उषाबाई होत्या तिथंच थांबल्या. त्यांच्या मंडळीत घरी आलेल्याला ‘सलाम’ म्हणतात. लहानपणापासून भुजंग त्यांना सलाम म्हणत आला होता. आता तो एखाद्या परक्याशी बोलावं तसं बोलत होता, आणि त्यात राग नव्हता हेच जास्त लागलं.

त्याची बायको मीना बाहेर आली, तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. प्रीती आता अठराची होती, जालन्याला नर्सिंगला जात होती. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या, पाऊसपाणी झालं, गुडघे झाले. मग बोलायला काही उरलं नाही, आणि उषाबाईंनी एका दमात सांगून टाकलं की त्या रविवारी तुमचं नाव कोणी कापलं नव्हतं, पावाचे तुकडे मोजण्यात माझी चूक झाली.

भुजंगनं हातातली शेंग सोलली. मग थोड्या कोरड्या आवाजात म्हणाला की होतं असं, आमचंही मोजणीचंच काम आहे, एका वाफ्यात किती झाडं ते रोज मोजतो, आमच्याही चुका होतात. तो चांगुलपणानं बोलत होता. विषय तिथं मिटला असता, उषाबाई चहा पिऊन परतीच्या गाडीनं गेल्या असत्या आणि मनाला सांगत बसल्या असत्या की झालं बाई एकदाचं.

“आजी,” चौकटीतून प्रीती म्हणाली, “चुकून झालं का मुद्दाम?”

मीनानं तिला दटावलं. पण ती हलली नाही. म्हणाली, “त्या दिवशी रस्त्यानं मी बाबाला इचारलं, आपल्यालाच का न्हाई दिलं? बाबा काहीच बोलले न्हाई. मी रोज त्या गल्लीवरून जाते. आत कधी गेले न्हाई. म्हणून इचारून राह्यले.”

उषाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. 

“मुद्दाम,” त्या म्हणाल्या. “मोजायला चुकले न्हाई मी, बाळा. माझ्या मनात आलं, हे लोक येत न्हाईत, मंग ह्यांच्या वाटचा पाव कशाला नासवायचा. कमिटीनं नुसती बोलणी केल्ती. नाव मी कापलं. सुरीनं.”

 शेजारी कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. भुजंग उठला, कुंपणापर्यंत जाऊन आला, परत बसला. आणि मग एकदम हसला, म्हणजे हसल्यासारखं काहीतरी त्याच्या तोंडावर आलं.

“मावशी, अकरा वर्सं मला वाटलं, देवानंच हात आखडला. माणसानं असतं तर मी भांडलो असतो. पण देवाशी कसं भांडावं ते मला कळंना, म्हणून गप बसलो. अन् हे काम तुमचं व्हतं.” त्यानं पुढ्यातल्या शेंगा बाजूला सारल्या. “बरं झालं. तुमच्याशी भांडता येतं.”

आणि तो भांडला. चांगला अर्धा तास भांडला, सगळं काढलं. बिऱ्हाड उचलताना कोणी दारात आलं नाही ते काढलं. नाताळात गाणारी फेरी इकडे कधी वळली नाही ते काढलं. दर नाताळला मीना करंज्या करायची आणि वाटायला कोणी नसायचं, तेही काढलं. उषाबाई एका शब्दानं उलटून बोलल्या नाहीत. तीन तुकडे दर महिन्याला कापते आणि मीच खाते, एवढं त्यांनी मध्येच सांगितलं.

“म्हणजे आमचंबी तुमीच खाल्लं,” भुजंग म्हणाला, आणि या खेपेला मीनालाही हसू आवरलं नाही. पण लगेच त्याचा चेहरा पडला. “आई चार वर्सांमागं गेली. शेवटी शेवटी रोज म्हणायची, भुजंगा, आपलं काय चुकलं व्हतं रं? मी काय सांगणार तिला? तिच्या वाटचं कसं देताल आता?”

 भुजंगची आई झुंबरबाई गेल्याचं उषाबाईंना तेव्हाच कळलं होतं, मातीला यायचं धाडस झालं नव्हतं. दोघी एका वयाच्या, एका दवाखान्यात राबलेल्या. उषाबाईंनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग म्हणाल्या की मला तिच्या कबरीवर ने. भुजंगनं गुडघ्यांकडे पाहिलं, चालवंल का म्हणून विचारलं. न चालून जातात कुठं, उषाबाई म्हणाल्या.

कबर गावाबाहेर, रुळांच्या पलीकडे. मातीचा उंचवटा, कडेनं लावलेले दगड. उषाबाई कष्टानं खाली बसल्या आणि झुंबरबाईंशी काहीतरी बोलल्या. तेवढ्यात मालगाडी आली, चांगली लांबलचक, त्यामुळे काय बोलल्या ते भुजंगला ऐकू आलं नाही. डबे संपल्यावर त्यानं त्यांना हात देऊन उठवलं.

स्टेशनपर्यंत तो सोडायला आला. वाटेत केंद्राचं शेत लागलं. तूर काढलेली, खुंट तेवढे उभे. रांगेत कुठं कुठं मोकळी जागा होती.

“ह्याला आमी नांगी म्हणतो,” भुजंग म्हणाला. “दाणा उगवला न्हाई की नांगी पडती. मंग तिथं परत दाणा टोबावा लागतो. पण टायमात टोबला पायजे. लई उशीर झाला तर बाकीच्यांच्या सावलीत ते झाड वाढत न्हाई.”

“उशीर झाला का?” उषाबाईंनी विचारलं.

“बघू,” तो म्हणाला. गाडी आली, त्यानं त्यांना वर चढवलं, पण येतो असं काही म्हणाला नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पहाटे उषाबाईंनी पाव कापायला घेतला. मंडळीचे त्रेचाळीस. मग भुजंगचा एक, मीनाचा एक. सुरी थोडी थांबली. झुंबरबाईंचा कापायचा की नाही? अकरा वर्षं कापला, आज थांबवायचा कसा, असं म्हणत तोही कापला. शेहेचाळीस. थाळी झाकून त्या आपल्या नेहमीच्या जागी, दाराजवळ बसल्या. तिथून रस्ता दिसतो.

सत्कार असल्यामुळं एकजात सगळे आले होते. कडूबानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर कागदात गुंडाळलेली शाल होती आणि उषाबाईंना ती बघवत नव्हती. गाणी झाली, वचन वाचून झालं, उपदेश झाला. भुजंगचा पत्ता नाही. पाळकांनी फडकं काढून पावावर आशीर्वाद मागितला तेव्हा उषाबाईंनी दारावरची नजर काढून घेतली. सरला विषय, असं त्यांना वाटलं, आणि प्रार्थनेतले शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचेनात.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. कोणाचं लक्ष गेलं नाही, हॉर्न रोजचाच. पण हा टेम्पो पोती घेऊन आलेला नव्हता. मागचं फळकूट पडलं आणि त्यातून भुजंग उतरला. मग मीना, मग प्रीती. मग रेल्वेचा एक रिटायर गँगमन आणि त्याची म्हातारी, मग केंद्रातला एक माळी सहकुटुंब, मग आणखी दोन जोडपी. बदनापुरात आणि आजूबाजूच्या गावांत अशीच सुटलेली, कोणी रुसलेली, कोणी नुसतीच आळसावलेली माणसं होती. भुजंग आठवडाभर त्यांच्या दारी जाऊन एवढंच सांगत होता की मी जाऊन राह्यलो, गाडीत जागा हाय. मोठी माणसं दहा. शिवाय प्रीती, जिचा दृढीकरणाचा, म्हणजे मंडळीत रीतसर सामील होण्याचा विधी अजून व्हायचा होता म्हणून तिला पाव घेता येणार नव्हता.

दारात चपला काढताना भुजंगनं उषाबाईंकडे पाहिलं.

“सलाम, मावशी,” तो म्हणाला.

उषाबाईंनी नुसता हात कपाळाला लावला. आनंदानं त्यांचा जीव सुपाएवढा झाला. आणि पुढच्याच क्षणी त्या मोजू लागल्या. शेहेचाळीस तुकडे. त्रेचाळीस आणि दहा, त्रेपन्न. थाळीवर आशीर्वाद होऊन गेला होता, भर घालायची नाही. आणि ही मंडळी दाराशी बसली होती, म्हणजे जाणार शेवटच्या रांगेत.

कठड्याशी दहा-दहा जण जात होते. पहिली रांग झाली, दुसरी झाली. उषाबाई तिथं बसल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यात फक्त आकडे फिरत होते. पाळकांना खुणावावं तर ते खाली पाहत होते. उठून सांगावं, तर सगळ्यांच्या देखत. त्याही दिवशी त्या अशाच बसून राहिल्या होत्या. तिसरी रांग उठली. चौथी उठली. पाचव्या रांगेसाठी बदनापूरची माणसं उभी राहिली, त्यांच्यात कडूबा आणि गिरिजाबाई मिसळले. भुजंग कठड्याशी गुडघे टेकायला वाकला.

उषाबाई उभ्या राहिल्या. गुडघे कडकन वाजले, दोन बायांनी मागं पाहिलं.

“पाळकसाहेब, थांबा,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांनाच ओळखू येईना. “थाळीत सहा तुकडे हायेत अन् माणसं तेरा. अर्धे अर्धे करा. अकरा वर्सांमागं बी असंच कमी पडल्तं. ह्या भुजंगच्या घराला मिळालं न्हाई, अन् लोक म्हणले कमिटीनं नाव कापलं. कमिटीनं न्हाई. पाव मी कापते. मीच त्यांच्या वाटचे कापले न्हाई, अन् मीच गप बसले.”

एवढं बोलून त्या हातांच्या ओंजळीकडे पाहत राहिल्या. पत्र्यावर कबुतरं चालत होती. ज्यांनी त्या वर्षी कमिटीत नावं कापायची भाषा केली होती, ते गृहस्थ पहिल्या बाकावर होते. त्यांनी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.  पाळक सोमेश्वरांनी थाळीतला एक तुकडा उचलला आणि दोन बोटांनी मोडला.

“मावशी, या इकडं,” कडूबानं कठड्याशी जरा सरकून जागा केली. “हितं बसा. आमी तरी कुठं मोठे हिशेबी लागून गेलो.”

तेरा जणांची ती रांग. दहांच्या जागेत तेरा, खांद्याला खांदा लागलेला, बाया-गडी असा भेदही राहिला नाही. सगळ्यात टोकाला उषाबाई, त्यांच्या अलीकडे भुजंग. पाळक एकेकाच्या ओंजळीत अर्धा अर्धा तुकडा ठेवत आले.  म्हातारीनं तुकडा डोळ्यांना लावला आणि मग तोंडात टाकला. कितीतरी वर्षांनी माहेरी आल्यासारखी ती रडत होती आणि हसतही होती. मीनाला मिळाला. भुजंगला मिळाला.

सहा तुकड्यांचे बारा अर्धे होतात. तेरावा होत नाही. हे उषाबाईंना उभं राहताना, पहिला शब्द तोंडातून काढतानाच ठाऊक होतं. पाळक त्यांच्यापुढं आले, थाळीत पाहिलं आणि थबकले. उषाबाईंनी ओंजळ पुढं केलीच नव्हती. त्यांनी मान वाकवली, म्हणजे पाळकांना डोक्यावर हात ठेवायला सोपं जावं. पाळकांचा हात उचललाही गेला.

भुजंगनं आपला तुकडा अजून खाल्ला नव्हता. तळहातावर तसाच धरून तो बसला होता. त्यानं तो नखानं मोडला. उषाबाईंचा मिटलेला हात त्यानं धरला, बोटं उलगडली आणि त्यातला मोठा कण त्यांच्या तळव्यावर ठेवला.

“हा आईच्या वाटचा,” तो हळू म्हणाला. “तुमी घ्या.”

तो कण मसुरीच्या डाळीएवढा असेल नसेल. उषाबाईंनी तो तोंडात घातला. घशातून सरळ उतरला.

त्यानंतर जे गाणं म्हटलं गेलं, ते त्या पत्र्याखाली इतक्या मोठ्यानं कधी म्हटलं गेलं नव्हतं. बाहेरचा हमाल पोतं पाठीवर घेऊनच दारात उभा राहून ऐकत होता. सत्काराचं काय करायचं यावर सेक्रेटरी घुटमळले, कारण सत्कारमूर्तीनंच सगळ्यांपुढं असलं काही कबूल केल्याची वेळ त्यांच्यावर आधी आली नव्हती. कडूबा म्हणाला, आता तर दोन शाली पायजेत. शेवटी आणलेली एकच पांघरली गेली. उषाबाईंनी नको नको म्हटलं, पण बदनापूरच्या म्हातारीनं ती त्यांच्या खांद्यावर नीट सारखी केली, तेव्हा मात्र त्यांनी ती राहू दिली.

दुपारी सगळे पांगल्यावर बदनापूरची माणसं अंगणात डबे सोडून बसली होती. प्रीती भांडी विसळायला मागच्या खोलीत आली. प्याले तिनं पालथे घातले आणि थाळी हातात घेऊन सवयीनं विचारलं की उरलेलं कशात काढू.

उषाबाईंनी थाळी तिच्या हातातून घेतली. खिडकीपाशी नेऊन उजेडात एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे कलती करून पाहिली. कडेला एक कणही नव्हता. त्यांनी ती पदरानं पुसली आणि खिळ्याला अडकवली.